तर्जनीला हात लावला की मधल्या बोटाला कळतं. नस चुकीच्या जागी जोडली गेली का?

सुईदोरा (इचलकरंजी)

नमस्कार. मी घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिकोही करते. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत खिडकीची काच निसटली आणि उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूवर पडली. बोटं वळवणारे दोन टेंडन (स्नायूचे दोर) आणि मीडियन नर्व्ह (अंगठ्याकडच्या बोटांना स्पर्श देणारी नस) पूर्ण कापली गेली. त्याच रात्री ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, "काळजी करू नका, वायर जोडतात तशी नर्व्ह जोडलीय. रोज एक मिलीमीटर पुढे सरकेल."

सुरुवातीला अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, सगळं लाकूड. करंगळी तेवढी माझी होती. दर तपासणीला डॉक्टर मनगटापासून पुढे तळव्यावर टिचक्या मारायचे आणि करंट कुठपर्यंत जातो ते विचारायचे. ती जागा खरंच हळूहळू पुढे गेली. आता बोटांच्या टोकापर्यंत आलीय.

पण स्पर्श आला तो असा आला. मी डोळे मिटते आणि नवरा तर्जनीच्या टोकाला पेन्सिल लावतो. मला लागते मधल्या बोटाच्या कडेला! अंगठ्याला लावली तर कधी अंगठ्यात, कधी तर्जनीच्या मुळाशी. सॅटिन आणि पॉपलिन दोन्ही सारखंच, खरखरीत मुंग्या. हुक चिमटीत आहे की खाली पडला हे बघितल्याशिवाय समजत नाही. मशीन चालवता येतं, पण हातशिलाई सगळी जावेकडून करून घेते. लग्नसराईत किती ऑर्डरी परत पाठवल्या ते सांगत नाही.

पुढच्या तपासणीला वेळ आहे, आणि तिथे विचारायचा धीर होत नाही. जोडताना तर्जनीची नस मधल्या बोटाला जोडली गेली का? परत उघडून नीट करता येतं का? आणि एकच मिलीमीटर का? एवढं विज्ञान पुढे गेलं म्हणतात, नस लवकर वाढवायचं औषध नाही का?

---

मिरजकर_काका

ताई, बी-१२ ची इंजेक्शनं चालू करा. माझ्या मेव्हण्याच्या पायाच्या मुंग्या महिनाभरात गेल्या. आणि कोमट तिळाच्या तेलाने रोज नस चोळायची, वरून खाली.

---

किडेवाली

ताई, आधी मुख्य शंकेचं उत्तर देते. तुम्ही सांगताय त्यावरून सर्जननी चुकीचं जोडलं असं म्हणता येत नाही. मायक्रोस्कोपखाली, वेळेत, उत्तम हाताने केलेल्या जोडणीनंतरही मोठ्या माणसांत हे असंच होतं. आणि का होतं हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे, त्यामुळे थोडं लांबण लागेल. (मी औषध देणारी डॉक्टर नाही, पीएचडीवाली आहे. एक मिलीमीटर लांबीच्या किड्यांच्या नसा लेसरने कापते आणि त्या परत कशा वाढतात ते बघत बसते. मूळची वाईची. मी नक्की काय करते हे घरी अजून कोणाला पटवता आलेलं नाही.)

त्या 'वायर जोडली' मुळेच सगळा गैरसमज होतो. वायर जोडली की दिवा लागतो. नर्व्हचं तसं नाही. तर्जनीच्या टोकाचा स्पर्श पोचवणाऱ्या पेशींचं मुख्य शरीर बोटात नसतं, मनगटातही नसतं, ते मानेच्या मणक्यांना लागून असलेल्या गाठींमध्ये असतं. तिथून एकेका पेशीचा एकेक तंतू, त्याला अ‍ॅक्झॉन म्हणतात, दंडातून खाली बोटाच्या टोकापर्यंत गेलेला असतो. एकच पेशी, आणि हातभर लांब! काचेने तो मनगटाशी तोडला तेव्हा मानेकडचा भाग जगला आणि बोटाकडचा मेला. ऑगस्टस वॉलरने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवलं होतं. जोडणी त्याच रात्री केली तरी पुढचा भाग मरतोच.

म्हणजे सर्जननी तंतू जोडलेले नाहीत, ते जोडताच येत नाहीत. त्यांनी वरचं आवरण शिवलं. त्यासाठी ९-० किंवा त्याच्या आसपासच्या नंबरचा नायलॉनचा धागा असतो, केसाच्या साधारण निम्म्या जाडीचा (तुमच्या धंद्यातली गोष्ट म्हणून मुद्दाम सांगते). आतले हजारो तंतू त्यानंतर नव्याने वाढत बोटांपर्यंत गेले. तुमच्या बोटात आज जो स्पर्श आहे तो जुना परत आलेला नाही, नवीन उगवलेला आहे.

आता एक मिलीमीटर. तंतू वाढायचा तर त्याला आतला सांगाडा लागतो, आणि त्या सांगाड्याची प्रथिनं मुख्यतः मानेजवळच्या त्या पेशीत तयार होऊन तंतूच्या आतून पुढे नेली जातात. तंतूत दोन वेगांची वाहतूक चालते. काही माल दिवसाला ४०० मिलीमीटरपर्यंत पळतो. पण सांगाड्याचा माल हळू जाणाऱ्या वाहतुकीतून येतो, दिवसाला मिलीमीटरच्या अंशापासून फार तर काही मिलीमीटर. टोकाला जाऊन वाढीची कितीही घाई केली तरी मागून सामान त्याच चालीने येणार. म्हणून लवकर वाढवायच्या औषधाची वाट बिकट आहे. बी-१२ कमी असेल तर घ्यायलाच हवं, काका, तपासून घ्यावं. पण कमतरता नसताना कापलेली नर्व्ह त्याने वेगात वाढते असं माणसांत पक्कं दाखवलेलं नाही. आणि ताज्या जोडणीवर वरून खाली चोळायचा सल्ला कृपा करून कोणाला देऊ नका.

टिचकीबद्दल एक गंमत. नवीन तंतूचं टोक उघडं, हळवं असतं, तिथे ठोकलं की करंट. १९१५ मध्ये ही खूण दोघांनी स्वतंत्रपणे नोंदवली, जर्मनीत पॉल हॉफमन आणि फ्रान्समध्ये ज्यूल तिनेल. दोघेही जखमी सैनिकांच्या कापलेल्या नसा तपासत होते, आणि त्यांचे देश एकमेकांवर तोफा डागत होते. आज दवाखान्यात नाव बहुधा एकट्या तिनेलचं घेतात.

आता तुमची तर्जनी. तंतू मेला तरी त्याच्याभोवतीची बारीक नळी शिल्लक राहते. तिच्यात श्वॉन पेशी असतात. एरवी त्यांचं काम तंतूला गुंडाळून राहायचं, पण तंतू मेला की त्या काम बदलतात. भक्षक पेशींबरोबर कचरा साफ करतात, स्वतः विभागून वाढतात, नळीत रांग लावतात आणि नव्या तंतूला ओढणारी रसायनं सोडतात. मानेकडून येणारा तंतू जोडाच्या जागी पोचला की त्याला एक नाही, अनेक फांद्या फुटतात. प्रत्येक फांदीच्या टोकाला पसरट, सतत हलणारा भाग असतो, तो चाचपत पुढे जातो. सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश माणसाने तो १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या रंगवलेल्या कापांत पाहिला. मेलेल्या कापात बघून हा भाग जिवंतपणी वाट शोधत असणार असं त्याने ठोकून सांगितलं! अनेकांना पटलं नाही. शेवटी १९०७ मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसनने बेडकाच्या गर्भाचा तुकडा लसिकेच्या (लिंफ या शरीरातल्या पातळ द्रवाच्या) थेंबात जिवंत ठेवून तंतू डोळ्यांदेखत वाढताना दाखवला. प्रयोगशाळेत पेशी बाहेर वाढवण्याचं सगळं तंत्र त्या थेंबातून निघालं, पण तो वेगळा विषय.

तर हा चाचपणारा शेंडा जोडाशी येतो आणि समोर हजारो रिकाम्या नळ्या. आपली जुनी कोणती? बहुतेक वेळा त्याला कळत नाही. सर्जन आवरणावरच्या बारीक रक्तवाहिन्या जुळवून दोन्ही टोकं शक्य तेवढी सरळ ठेवतात, पण आतला प्रत्येक तंतू प्रत्येक नळीसमोर आणणं कोणत्याही हाताला शक्य नाही. टॉमस ब्रशर्टने उंदरांवर दाखवलंय की स्नायूकडे जाणारे तंतू सुरुवातीला त्वचेच्या वाटेतही शिरतात, पण पुढे तिथल्या फांद्या बऱ्याच प्रमाणात गळतात आणि स्नायूकडच्या टिकतात. म्हणजे स्नायू की त्वचा एवढी निवड काही अंशी होते. तर्जनी की मधलं बोट, ही नाही. तुमच्या तर्जनीच्या त्वचेत आज जे तंतू आहेत त्यातले काही आयुष्यभर मधल्या बोटाची खबर देत आलेत. मेंदूला हा बदल कोणी कळवलेला नाही. तो जुन्या हिशेबाने 'मधलं बोट' म्हणतो.

परत उघडून? त्याने हेच पुन्हा होईल, आणि एवढे महिने वाया. अर्थात हा निर्णय तुमच्या सर्जनचा, माझा नाही.

आणि हे तुमच्या एकटीला होत नाही. १९०३ साली लंडनचा हेन्री हेड हा मज्जाविकारतज्ज्ञ रुग्णांच्या अस्पष्ट उत्तरांना इतका कंटाळला की त्याने स्वतःच्या हाताची स्पर्शाची नर्व्ह मुद्दाम कापून घेतली आणि लगेच जोडून घेतली. मग त्याचा मित्र डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स (हा नुकताच निलगिरीत तोडा लोकांत राहून आलेला) केंब्रिजच्या आपल्या खोलीत चार वर्षांहून जास्त काळ त्याला डोळे मिटायला लावून कापूस, टाचण्या, गरम-थंड नळ्या लावत राहिला. हेडची नोंद अशी की संवेदना आधी परत येते ती ठोकळ, पसरट, नकोशी वाटणारी, आणि कधीकधी लावलं त्यापेक्षा भलत्याच जागी जाणवणारी. नेमकेपणा फार नंतर. त्यावरून त्याने जो मोठा सिद्धांत मांडला तो आज तसा मानत नाहीत, पण नोंदी प्रामाणिक आहेत. तुमची पेन्सिल वाचून मला तोच आठवला.

---

सुईदोरा

पहिल्यांदा कोणी नीट सांगितलं. रात्री नवऱ्याला वाचून दाखवलं. पण मग आता हे कायमचंच असं समजायचं का? नस तर वाढून झाली. शेजारच्या मुलाचा असाच हात कापला होता, तिसरीत होता तेव्हा. तो आता कंचे, पतंग, सगळं खेळतो, काही फरक नाही.

---

किडेवाली

नस वाढून झाली, मेंदूचं शिकणं राहिलंय.

यावर रॉजर स्पेरीचा प्रयोग मला फार आवडतो. १९४० च्या दशकात त्याने बेडूक आणि पाणसरड्यांची डोळ्याची नर्व्ह कापली आणि डोळा खोबणीत १८० अंश फिरवून ठेवला. या प्राण्यांत ती नर्व्ह पुन्हा वाढते. वाढली, दिसू लागलं. पण माशी वर धरली की बेडूक खाली जीभ मारायचा, पुढे धरली की मागे वळायचा. म्हणजे डोळा उलटा असूनही प्रत्येक तंतू मेंदूतल्या आपल्या मूळच्याच जागी जाऊन बसला होता. प्रत्येकावर रासायनिक ओळख असली पाहिजे, असं स्पेरी म्हणाला, आणि पुढे तशी रेणूंची ओळख सापडलीही. पण मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. तो बेडूक कधीच सुधारला नाही. समोर माशी असताना रोज चिखलात तोंड, तरी मेंदूने हिशेब बदलला नाही.

तुमचं बरोबर उलटं आहे. तुमचे तंतू जागा चुकलेत, पण मेंदू हिशेब बदलू शकतो. मायकेल मर्झनिक आणि जॉन कास यांनी १९८० च्या दशकात माकडांची हीच, मीडियन नर्व्ह कापून मेंदूतला हाताचा नकाशा तपासला. नर्व्ह गेल्यावर तिचा भाग रिकामा राहिला नाही, हाताच्या उरलेल्या भागांच्या संवेदनांनी तो व्यापला. नर्व्ह जोडून पुन्हा वाढू दिली तर नकाशा परत आला, पण तुकड्यातुकड्यांचा, विस्कटलेला.

शेजारच्या मुलाचंही तेच. त्याच्या नळ्यांत तंतू काही शहाणपणाने शिरले नसणार. हाताची लांबी कमी हा फायदा झाला, पण मोठा फायदा मेंदूचा. स्वीडनमधल्या माल्मोचे हातांचे सर्जन योरान लुंडबोर्ग यांनी दाखवलं की नर्व्ह जोडणीनंतर स्पर्श किती सुधारतो याचा वयाशी असलेला आलेख नवी भाषा शिकण्याच्या आलेखाशी जुळतो. दहाच्या आत उत्तम, मग घसरण. पण मोठ्या माणसाला भाषा येतच नाही असं थोडंच असतं? माझी आजी साठीनंतर बंगळूरला मामाकडे राहून कन्नड शिकली, भाजीवाल्याशी भांडण्याइतकं.

मात्र ते आपोआप होत नाही, शिकावं लागतं. त्यात मी तज्ज्ञ नाही. इथे हाताच्या थेरपीतलं कोणी आहे का?

---

हातथेरपी_वर्धा

आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. ताई, तुम्हाला ऑपरेशननंतर सेन्सरी री-एज्युकेशन, म्हणजे मेंदूला स्पर्श पुन्हा शिकवायचा सराव, कोणी सांगितला नाही का? बोटं वळवायचे व्यायाम सांगतात आणि स्पर्श राहून जातो, हे मी फार बघते.

घरी करा. शांत जागा, टीव्ही बंद. नवऱ्याने पेन्सिलच्या मागच्या रबराने एका जागी दाबायचं. आधी डोळे उघडे ठेवून बघायचं, मग मिटून तीच जागा, मग पुन्हा उघडून. तोंडाने म्हणायचं, "तर्जनीचं टोक". चांगल्या हाताच्या त्याच जागी लावून फरक घ्यायचा. स्थिर दाब आणि सरकता स्पर्श वेगवेगळे करायचे. एका वेळी दहा मिनिटं पुरे, पण दिवसातून तीन-चारदा. दमल्यावर ताणायचं नाही, दमलेला मेंदू शिकत नाही.

जागा कळायला लागली की वस्तू. तुमच्याकडे सामान भरपूर आहे. आधी ठळक फरक: वेल्क्रो आणि सॅटिन. मग बारीक: पॉपलिन आणि रुबिया. तांदळाच्या डब्यात मोठी बटणं, हुक, बॉबिन पुरून ठेवा आणि न बघता शोधा. हुक सर्वात शेवटी, तो अवघड आहे.

आणि एक सक्त. इस्त्री, गरम तवा, चहाचं स्टीलचं भांडं या हाताने धरू नका. सुईचं टोकही. बधिर बोट भाजलं तर कळत नाही, जखम चिघळते. मी बरीच वर्षं कुष्ठरोग्यांच्या हातांवर काम केलं. कुष्ठरोगाचे जंतू याच श्वॉन पेशींत राहतात, नर्व्ह आतून खराब करतात. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी पहिल्यांदा ठामपणे दाखवलं की बोटं रोगाने झडत नाहीत, वेदना नसल्यामुळे रोज होणाऱ्या साध्या जखमांनी जातात. तेव्हापासून आम्ही रुग्णांना रोज रात्री हात उजेडात तपासायला शिकवतो. तुम्हीही तपासा.

---

एकहाती_नाशिक

ताई, धीर सोडू नका, माझं ऐका. बाइकवरून पडलो, डावा खांदा रस्त्यावर आपटला, मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा मुळापासून उपटल्या. ब्रॅकियल प्लेक्सस म्हणतात. मुळातूनच उपटल्यावर जोडायला काही उरत नाही, म्हणून सर्जननी छातीच्या बरगड्यांमधल्या दोन-तीन नसा काढून दंडाच्या बेटकुळीच्या नसेला लावल्या. म्हणाले, लवकर आलात म्हणून, वर्ष-दीड वर्ष उलटलं असतं तर स्नायूच नस स्वीकारण्याच्या लायकीचा राहिला नसता.

महिनोन्‌महिने काही नाही. सगळे म्हणायचे, पैसे पाण्यात. मग एक दिवस जोरात शिंकलो आणि कोपर हललं! कारण त्या नसा श्वासाच्या. खोल श्वास घेतला की बेटकुळी आखडायची. पुढे किती महिने मी चहाचा कप उचलायला आधी छाती फुगवायचो, बायको हसायची. फिजिओ म्हणायच्या, श्वास घे आणि वाक, श्वास घे आणि वाक. आता श्वासाशिवाय वाकतं. कधी सुटलं तेही आठवत नाही. खोकला आला तर मात्र अजून हात थोडा उडतो, बसमध्ये शेजारच्याला कोपर लागतं आणि माफी मागावी लागते.

बोटं आली नाहीत, तिथवर नस पोचणं अवघड असं आधीच सांगितलं होतं. खोटं बोलत नाही. पण किडेवाली मॅडम म्हणतात ते मेंदूचं शंभर टक्के खरं.

---

किडेवाली

दादा, तुमच्या शिंकेवर मी वर्गात एक अख्खा तास घेऊ शकते. बरगडीच्या नर्व्हच्या पेशीला आजही वाटतंय की ती छाती हलवतेय. वरच्या मेंदूने तिला दुसरं काम लावलंय.

---

भावासाठी

मी बाजूला बसून वाचतोय. माझा भाऊ विहिरीच्या कामावर पडला, कमरेच्या वर मणका मोडला, दोन्ही पाय गेले. हाताची नस वाढते तर मणक्यातली का नाही? एका ठिकाणी स्टेम सेलचं (मूळ पेशींचं) इंजेक्शन देतात, रक्कम मोठी आहे. जमीन काढायची का यावर घरात रोज वाद चालू आहेत.

---

किडेवाली

आधी जमिनीचं. स्टेम सेलच्या वापराबद्दल आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठी होणारं अस्थिमज्जेचं, म्हणजे बोन मॅरोचं, रोपण सोडलं तर बाकी सगळा वापर मंजूर चाचणीतच व्हायला हवा. आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. कोणी पैसे मागत असेल तर तिथेच उत्तर मिळालं. जमीन काढू नका. हे मी ठासून सांगते.

आता का नाही ते. फार काळ लोकांना वाटायचं की मेंदू आणि मज्जारज्जूतल्या पेशींमध्येच वाढायची ताकद नसते. काहालनेही पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आपल्या मोठ्या ग्रंथात निराशेचाच निष्कर्ष काढला होता. मग १९८१ मध्ये माँट्रियलमध्ये सॅम्युअल डेव्हिड आणि आल्बर्ट अग्वायो यांनी एक साधा प्रयोग केला. उंदराच्या पायाची नर्व्ह घेतली आणि तिचं एक टोक मेंदूच्या तळाशी, दुसरं मज्जारज्जूत असा पूल घातला. मेंदूतल्या, मज्जारज्जूतल्या पेशींचे तंतू त्या पुलात शिरले आणि दोन-तीन सेंटिमीटर वाढले. पुलाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा मज्जारज्जू लागला तिथे थोडंसं आत जाऊन थांबले. म्हणजे वाढण्याची ताकद पेशींत होती, जागाच त्यांना वाढू देत नव्हती.

हातात श्वॉन पेशी आहेत, त्या पटकन साफसफाई करतात आणि बोलावतात. मज्जारज्जूत तंतूला गुंडाळणाऱ्या पेशी वेगळ्या, त्यांच्या वेष्टणात वाढ रोखणारे रेणू असतात. झुरिकच्या मार्टिन श्वाब यांनी त्यातला नोगो नावाचा शोधला. कचरा महिनोन्‌महिने पडून राहतो. त्यात जखमेभोवती व्रण, म्हणजे जखम भरताना होणारी घट्ट खूण, तयार होतो, त्यातही रोखणारे रेणू. नोगोला अडवणारं प्रतिपिंड उंदरांत उपयोगी ठरलं, माणसांत मानेच्या ताज्या दुखापतीवर चाचणी झाली. निकाल अलीकडेच आले: सगळ्या रुग्णांचा मिळून बघितला तर ठळक फायदा नाही, अर्धवट दुखापत असलेल्या काहींत थोडी आशा. इतकं सगळं करून आज आपण इथे आहोत. जुन्या, पूर्ण दुखापतीवर पाय परत आणणारं औषध आज कोणाकडेच नाही, कितीही मोठी पाटी लावली असली तरी.

पैसे लावायचेच असतील तर चांगल्या पुनर्वसन केंद्रात लावा. लघवीची व्यवस्था, पाठीवर जखमा होऊ न देणं, खुर्चीवरून पलंगावर स्वतः जायला शिकणं. भावाचं आयुष्य यावर ठरणार आहे.

माझ्या किड्यांचंही सांगते, कारण त्यांना मी दिवसभर छळते. त्या किड्याला एकूण ३०२ मज्जापेशी, आणि अंग काचेसारखं पारदर्शक. स्पर्शाच्या पेशीत चमकणारं प्रथिन घातलं की तंतू हिरवा दिसतो, लेसरने नेमका तोच तोडता येतो. किड्यात कधीकधी वाढता तंतू स्वतःच्याच तुटलेल्या तुकड्याला गाठतो आणि दोन्हींची आवरणं एक होतात. मग पुढचा तुकडा मरत नाही, नुसत्या वाढीत जागा चुकायची जी भीती, ती उरत नाही. हे माणसात जमलं असतं तर सुईदोरा ताईंना हा प्रश्न विचारावाच लागला नसता. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अनिंद्य घोष-रॉय यांच्या गटाने तर असं दाखवलं की तंतू कापलेल्या किड्यांना पोहायला लावलं तर वाढही सुधारते आणि स्पर्शाचं कामही. व्यायाम किड्यालाही चुकलेला नाही! कापल्यावर स्पर्श आला की नाही हे कसं बघतो माहितीय? टूथपिकला भुवईचा एक केस चिकटवायचा आणि किड्याच्या शेपटीवर हलकेच फिरवायचा. तो पुढे पळाला की आला. आमच्या लॅबमध्ये भुवया कोणाच्या वापरायच्या यावर वाद होतात.

---

भावासाठी

आईला वाचून दाखवलं. व्यवहार थांबवलाय. पुनर्वसनाचं वर्ध्याच्या ताईंना वेगळं विचारतो.

---

सुईदोरा

चार दिवस करतेय. तर्जनीचं टोक बघून लावलं की तिथेच वाटतं, डोळे मिटले की पुन्हा पळतं. वेल्क्रो ओळखू येतो. एक विचारायचं होतं. नवरा लावतो तेव्हा कमी कळतं, मी स्वतः डाव्या हाताने लावलं तर जास्त कळतं. ही फसवणूक आहे का? आणि अंगुस्तान घालून शिवायला सुरुवात करू का?

---

हातथेरपी_वर्धा

फसवणूक नाही. स्वतः लावताना डावा हात मेंदूला आधीच सांगतो कुठे लागणार आहे. म्हणून सरावाची सुरुवात तशी करा आणि परीक्षा मात्र नवऱ्याकडून घ्या. बरोबर, चूक आणि चूक असेल तर कुठे वाटलं, तिन्ही वहीत तारीख टाकून लिहा. ती वही पुढच्या तपासणीला न्या आणि सर्जनना दाखवा, विचारायला धीर लागणार नाही.

अंगुस्तान नको, त्याने बोटाला मिळणारा थोडा स्पर्शही जाईल. शिवायचं असेल तर जाड, बोथट सुई आणि गोणपाट किंवा मॅटीचं कापड घ्या, मोठे टाके, उजेडात, बघून. गिऱ्हाइकाचं कापड अजून जावेकडेच राहू द्या.